स्मरण: रविवारची बैठक, विषय कानवायलरचं दालन

सभासदहो, येत्या रविवारी सायंकाळी ५ वाजता नेहमीच्या जागी जमायचं आहे. विषय आहे कलादालनातून उगवलेलं प्रकाशन.

दानिएल-आंरी कानवायलर यांनी १९०७ मध्ये पॅरिसमध्ये छोटंसं दालन थाटलं आणि १९०९ मध्ये पुस्तकही काढलं. लेखक फ्रेंच कवी आपोलिनेर, त्याचं हे पहिलंच पुस्तक. चित्रं चित्रकार देरँची, लाकूडठशांची (लाकडावर कोरून छापलेली). प्रती जेमतेम शंभरेक. चित्रं विकणाऱ्याने नवख्या लेखकावर पैसे लावावेत, ही हिंमत मला तरी त्याच्या चित्रविक्रीपेक्षा मोठी वाटते.

लाकूडठसा छपाईच्या खिळ्यांच्या (म्हणजे धातूच्या अक्षरांच्या) उंचीचा असला की मजकुराबरोबर एकाच दाबात उमटतो. कानवायलरनेच १९११ मध्ये काढलेल्या कवी माक्स जाकोबच्या पुस्तकात मात्र पिकासोची एचिंग्ज (धातूच्या पत्र्यावर आम्लाने कोरलेली चित्रं) आहेत. त्यांना ओलसर कागद आणि रुळाचं वेगळं यंत्र लागतं. हा फरक हाताने छापून दाखवणार आहोत. तेव्हा ठेवणीतले कपडे नकोत, शाईचे डाग जात नाहीत!

घरात जुनी अनियतकालिकं (लिटल मॅगझिन्स) असतील तर जरूर आणा, सायक्लोस्टाइल, म्हणजे स्टेन्सिलवरून काढलेली, असली तरी चालतील. कागद मोजून आणायचा असल्याने येणाऱ्यांनी शुक्रवारपर्यंत गटावर नाव टाकावं. वर्गणी राहिलेल्यांनी तीही आणावी.