यंदा गणपतीला नाही, मेमध्ये येतो

म्युनिक,
रविवार, १५ मार्च २०२६

ती. बाबा आणि आई यांना साष्टांग नमस्कार.

फोनवर रोज बोलतो तरी हिने पत्र का धाडलं, असं वाटेल. बाबा, तुम्हीच म्हणता, फोनवरचं बोलणं ओट्यावर सांडलेल्या पाण्यासारखं, ऊन आलं की दिसत नाही. शिवाय फोनवर आई मध्येच "जेवलीस का" विचारते आणि मुद्दा राहून जातो. शुद्धलेखनाच्या चुका लाल पेनाने दाखवायला हरकत नाही, पण आधी पूर्ण वाचा.

पहिलं सांगायचं ते हे, की यंदा आम्ही गणपतीला येऊ शकत नाही.

रागावू नका, हिशेब ऐका. पंचांग तुमच्या उशाशी असतंच. यंदा अधिक ज्येष्ठ आहे, १७ मे ते १५ जून. त्यामुळे चतुर्थी ढकलली गेली ती थेट १४ सप्टेंबरला. इथली शाळेची मोठी सुट्टी ३ ऑगस्टला सुरू होते आणि १४ सप्टेंबरलाच संपते. म्हणजे तुमच्याकडे प्राणप्रतिष्ठा चालू असेल तेव्हा मी इथे दप्तरं भरत असेन. मंगळवारी १५ तारखेला शाळा. २०२३ सालीही असंच झालं होतं, आठवतंय? तेव्हा अधिक श्रावण होता, गणपती १९ सप्टेंबरला आले आणि आम्ही त्याआधीच परत. भाद्रपदाआधी अधिक महिना आला की आपला बाप्पा आमच्या बव्हेरिया राज्याच्या सुट्टीबाहेर जातो हे माझ्या लक्षात यायला असे दोन अधिक महिने जावे लागले. गणिताच्या मास्तरांची मुलगी असून.

"चार दिवस शाळा बुडवली तर काय होतं", हे तुम्ही निवृत्त मुख्याध्यापक असूनही विचारणार, कारण आता तुम्ही आजोबा आहात. इथे नाही चालत. आजारपण सोडून शाळा बुडवायला परवानगी लागते आणि स्वस्त तिकीट मिळालं हे कारण कुणी ऐकत नाही, दंड होतो. सुट्टी लागायच्या आधी विमानतळावर शाळकरी पोरं घेऊन निघालेल्या आईबापांना पोलिसांनी हटकल्याचे प्रकार आमच्याच राज्यात झालेत. मला त्या रांगेत उभं राहायचं नाही.

आता दुसरी गोष्ट. आम्ही मेमध्ये येतोय! इथे पेंटेकॉस्ट नावाच्या सणाची दोन आठवड्यांची सुट्टी असते, दोन्हीकडचे शनिवार-रविवार धरले तर २३ मे ते ७ जून, सोळा दिवस. आजवर आम्ही ती सोडून देत होतो. एवढं भाडं भरून सोळाच दिवस, त्यातले चार प्रवासात आणि झोप जागेवर येण्यात, असं वाटायचं. यंदा ठरवलं. २३ ला निघू, २४ ला पहाटे मुंबई, रात्र ठाण्याला काकांकडे आणि २५ ला सकाळची मांडवी एक्सप्रेस. रेल्वेचं आरक्षण आता १२० नाही, ६० दिवस आधी उघडतं. म्हणजे २६ मार्चला तुमच्या सकाळी आठला, माझ्या पहाटे साडेतीनला. गजर लावलाय. तुमचे जावई म्हणाले, "एवढं मी परीक्षेलाही उठलो नव्हतो."

आई, तुझ्या डोक्यात काय सुरू झालं असेल ते मला इथून दिसतंय. धोंड्याचा महिना आणि जावई घरात! २०२३ ला ते पोहोचले तोवर अधिक संपून निज श्रावण लागला होता, ती तुझी रुखरुख अजून गेलेली नाही. पण तेहेतीस अनारसे घालायला बसू नकोस. तीन दिवस तांदूळ भिजवा, कुटा, आणि मग ते तुपात हसले की तुझं तोंड पडतं. बत्तासे चालतात, शास्त्रातही चालतात, बाबांना विचार. आणि ह्यांना खरं तर गोड फारसं चालत नाही, साखर जरा वाढली आहे. हे त्यांनी सांगू नकोस म्हणून सांगितलं होतं.

मुलांसाठी मात्र मला हा मे हवा आहे. आठ वर्षं झाली इथे येऊन. त्यात एकदाच मेमध्ये आलो, २०१९ ला. थोरली तीन वर्षांची होती, आढीतून आंबा काढून अंगभर माखून घेतलेला तिचा फोटो भिंतीवर आहे, पण तिला त्यातलं काही आठवत नाही. धाकट्याने तो मे पाहिला तो माझ्या पोटातून. ती शाळेत जायला लागली आणि मे हातातून गेला. या पोरांना गाव म्हणजे पाऊस, एवढंच माहीत आहे. मागे तिला शाळेत "माझी उन्हाळ्याची सुट्टी" असं चित्र काढायला सांगितलं. बाकीच्या मुलांनी समुद्र, छत्री, आइस्क्रीम काढलं. हिने पन्हळीतून पडणारं पाणी आणि इरलं घेतलेला माणूस काढला. बाईंना वाटलं कासव आहे.

आणि धाकट्याचं तर तुम्हाला सांगायचंच राहिलं. गेल्या ऑगस्टमध्ये तुम्ही त्याला गणपतीच्या शाळेत घेऊन गेलात, आपली मूर्ती रंगवून झाली का बघायला. इथे आल्यावर पहिलीत बसला, पहिल्या दिवशी इथे मुलांना खाऊने भरलेला कागदाचा मोठा कोन देतात, त्यात आईने दिलेली आंब्याची साठं घातली होती. आठवडाभराने विचारतो, "गणपतीच्या शाळेत सगळे एकाच वर्गात कसे? आणि ते एकाच दिवशी पास होऊन घरी कसे जातात?" मला उत्तर आलं नाही.

थोरलीचं सध्या चौथीचं टेन्शन. इथे चौथीतच ठरतं कोण कुठल्या शाळेत जाणार. जर्मन, गणित आणि परिसर या तीन विषयांची सरासरी २.३३ किंवा त्याहून कमी आली तर गिम्नाझियमचा, म्हणजे पुढे विद्यापीठाकडे नेणाऱ्या शाळेचा, रस्ता मोकळा. कमी, बाबा, कमी! इथे १ म्हणजे सगळ्यात चांगला. तुम्ही २०२४ ला आला होतात तेव्हा तिच्या वहीत २ पाहून मला बाजूला घेऊन म्हणाला होतात, "पोरीकडे जरा लक्ष दे." मेच्या सुरुवातीला निकालाचा कागद हातात येईल. बरा असेल असं वाटतंय. नसला तरी २५ तारखेला ती तुमच्या खळ्यात असेल, तिला तेव्हा काही विचारू नका.

आता ज्याच्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते.

गेल्या वर्षी २ सप्टेंबरला गौरी-गणपतीचं विसर्जन झालं, तेव्हा मी मागून व्हिडिओ घेत होते. बाबा, मूर्तीचा पाट तुम्ही डोक्यावर घेतला होता. दरवर्षी तुम्हीच घेता, त्यात कुणाला काही वाटत नाही. पऱ्याच्या ओढ्याकडे उतरणाऱ्या जांभ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ होतं. तिसऱ्या पायरीवर तुमचा पाय सरकला. पुतण्याने मागून दंड धरला म्हणून. मूर्ती हललीसुद्धा नाही. तुम्ही हसलात, "बाप्पालाच घाई झालीय" म्हणालात, सगळे हसले, आणि "पुढच्या वर्षी लवकर या" सुरू झालं.

तो व्हिडिओ अकरा सेकंदांचा आहे. मी तो इथे येऊन किती वेळा पाहिला ते सांगत नाही. त्यात मला तुमचा पाय दिसत नाही, तुमचा हात दिसतो. पाय सरकल्यावर माणूस काहीतरी धरायला हात पुढे करतो. तुमचे दोन्ही हात पाटाला होते आणि ते तुम्ही सोडले नाहीत. आणि मी फोन खाली ठेवला नाही. हेही त्या व्हिडिओत आहे, चित्र जरासुद्धा हललेलं नाही.

रात्री कुणीच त्याबद्दल बोललं नाही. आई, तू घावन-घाटल्याची उरलेली भांडी घासत होतीस आणि मी म्हटलं, "ठेव, मी करते," तर म्हणालीस, "तू चार दिवस आलेली." हे वाक्य मला लागलं. मी पाचेक आठवडे होते. पण तुझं बरोबर होतं. आम्ही येतो तेच पाहुण्यासारखे, पावसात, आणि पावसात घराचं कुठलंच काम निघत नाही. गवंडी येत नाही, वाळू ओली, कौलांवर चढता येत नाही. काही दुरुस्त करायचं म्हटलं की तुम्ही म्हणता, "पाऊस संपल्यावर बघू." पाऊस संपतो तेव्हा मी इथे असते. सात वर्षं हे असंच चाललंय.

म्हणून मे. आगोटीच्या, पावसाआधीच्या कामांना येतेय मी, आंबे खायला नंतर. कामं अशी धरली आहेत. पऱ्याच्या पायऱ्यांना लोखंडी कठडा, वरपासून खालपर्यंत, आणि पायऱ्या टाकी मारून खरबरीत करून घ्यायच्या. न्हाणीघरात धरायला दांडी. पडवीतून माजघरात येताना उंबऱ्याशी दिवा, रात्री आई अंधारात चाचपडत येते. मागच्या दाराचं ते कमोडचं प्रकरण, ज्याला बाबा तीन वर्षं "शहरी थेर" म्हणतात. बाबा, तुमचे गुडघे शहरी झालेत, काय करणार. गवंड्याला आणि लोहाराला तुम्ही आत्ताच सांगून ठेवा, मेअखेरीस ते कुणालाच सापडत नाहीत. गेल्या वर्षी मान्सून २६ मेलाच मुंबईत पोहोचला होता आणि तुमची अर्धी लाकडं भिजली. तसं झालं तर सगळंच अवघड, म्हणून कठडा पहिल्या दोन दिवसांत. पैसे मी देणार. त्यावर चर्चा नको, तुम्ही माझ्या पहिल्या विमानाच्या तिकिटासाठी पोस्टातली ठेव मोडली होती तेव्हा मी चर्चा केली नव्हती.

आणि सप्टेंबरमध्ये पाट पुतण्याच्या डोक्यावर जाऊ दे. मी त्याच्याशी बोलले आहे, तो म्हणाला, "काका देणार नाहीत." तुम्ही घंटा घ्या. घंटा वाजवणाराही लागतोच. आई, मोदक एकवीस पुरेत, गावाला पुरवायचे नाहीत. तुझ्या बोटांची मी उकड मळताना पाहिलेली अवस्था व्हिडिओत नाही, पण लक्षात आहे.

तुम्हाला इथे कायमचं आणता येईल का, ते मी विचारून आले होते. तुम्हाला सांगितलं नव्हतं, कारण तुम्ही नाहीच म्हणणार. इथे आता कुशल नोकरदारांना आईवडिलांना आणण्याची सोय केली आहे, पण ज्यांना पहिला परवाना १ मार्च २०२४ ला किंवा त्यानंतर मिळाला त्यांनाच. आम्ही २०१८ चे. कागद बघून बाईंनी मान हलवली आणि मला, खरं सांगते, वाईट वाटलं आणि सुटल्यासारखंही वाटलं. रविवारी इथली सगळी दुकानं बंद पाहून बाबा म्हणाले होते, "कुणी गेलं का?" तिसऱ्या मजल्यावर गडग्याशिवाय आणि काळ्या कुत्र्याशिवाय तुम्ही दोघं काय कराल? तेव्हा तो विषय संपला. नव्वद दिवसांचा व्हिसा मिळतो, हिवाळा सोडून कधीही या.

१४ सप्टेंबरला आम्ही इथे दीड दिवसाचा बसवणार आहोत. मंगळवारी शाळा सुटल्यावर उत्तरपूजा, बादलीत विसर्जन. त्यासाठी एक काम करा, गणपतीच्या शाळेतून दोन किलो शाडूची माती मागून ठेवा. मूर्ती मुलं करतील. धाकटा म्हणतो, सोंड जमली नाही तर त्याला पुन्हा त्याच वर्गात बसवायचं.

आंब्याचं म्हणाल तर हापूस संपले असले तरी चालेल, रायवळ ठेवा. आणि एखादा बरका फणस पाडू नका, तो पोरांसमोर पाडायचाय.

२९ मार्चला इथली घड्याळं एक तास पुढे जातील. त्या दिवसापासून माझा फोन तुमच्या घड्याळात एक तास लवकर येईल, जेवत असलात तर उचलू नका, मी पुन्हा करेन. पत्र मिळालं की गवंड्याचं काय झालं ते कळवा. मी आधी तेच विचारणार आहे.

तुमची,
बेबी

ता. क. : बाबा, आईला हे पत्र वाचून दाखवताना व्हिडिओचा भाग गाळू नका. तिने तो पाहिला आहे. मीच दाखवला होता, निघायच्या आदल्या रात्री.