सायन्स घेऊन ठेवू का?

देवगड,
तुळशीच्या लग्नानंतरचा रविवार

प्रिय बंड्या,

सप्रेम नमस्कार.

तुझा मेसेज मिळाला. दहावीच्या पालकांची सभा घ्यायची आहे, अकरावीला काय घ्यावं, पुढे कशाने कुठे जाता येतं हे त्यांना नीट कळेल असं काहीतरी लिहून दे, म्हणतोस. फोनवर हे होणारं नाही, आणि आमच्या घरात रेंज यायची तर माडाखाली जाऊन उभं राहावं लागतं. म्हणून पत्रच लिहितो. लांबेल. सवडीने वाच.

आधी तारखेचं बोलू. ‘निकालानंतर घेऊ’ हा विचार डोक्यातून काढ. निकाल हल्ली मे महिन्यात लागतो. त्या वेळी आमच्याकडे अर्धे पालक बागेत असतात, आंबा उतरवणं, पेट्या भरणं आणि वाशीच्या गाडीची वाट बघणं यात. दर्यावरचे लोक १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारीच्या बंदीमुळे घरी असतात खरे, पण तोवर अकरावीचा फॉर्म भरून मोकळा झालेला असतो, बहुतेक वेळा सायबर कॅफेवाल्याने. तेव्हा जानेवारी धर. आणि पुढच्या वर्षीपासून गणपतीतही एक छोटी बैठक ठेव. ते का, ते तुलाही माहीत आहे. गावातल्या पोराची लाइन गावात ठरत नाही. मुंबईचा काका फोनवर ठरवतो. तो काका चतुर्थीला गावात असतो, त्याला समोर बसव. निम्मं काम तिथेच होतं.

आता सभेत काय बोलायचं. आपण मास्तर लोक उभे राहिलो की शाखांची यादी वाचायला लागतो: कला, वाणिज्य, विज्ञान, व्यवसाय अभ्यासक्रम, मग प्रत्येकाचे फायदे. पालक माना डोलवतात आणि घरी जाऊन जे आधीच ठरलेलं असतं तेच करतात. मी हल्ली उलटं सुरू करतो. कंडक्टरला आपण आधी उतरायचं गाव सांगतो, तिकीट तो मग फाडतो. तसं पोराला कुठे पोचायचं आहे ते फळ्याच्या उजव्या टोकाला लिहायचं आणि तिथे जायला बारावीचे कोणते विषय लागतात ते डावीकडे. शाखेचं नाव सगळ्यात शेवटी. तुला सांगतो, शाखेपेक्षा एखादा विषयच पोराला अडवतो, आणि ते कुणी वेळेवर सांगत नाही.

एक उदाहरण देतो. गेल्या वर्षी एक खलाशी आला होता, मुलगा बरोबर. ट्रॉलरवर आयुष्य गेलेलं, हाताची बोटं दोरखंडाने कातलेली. त्याला वाटत होतं, पोरगा बोटीवर जायचाच आहे तर मोठ्या बोटीवर जाऊ दे, मर्चंट नेव्हीत, ऑफिसर म्हणून. छान. अकरावीला काय घेणार? तर बायोलॉजी घेणार, मॅथ्स सोडणार, कारण क्लासवाल्याने सांगितलं की बायोलॉजीत मार्क सुटतात. मी फळ्यावर लिहिलं: नॉटिकल सायन्सची बी.एस्सी. किंवा मरीन इंजिनिअरिंग – बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स मिळून किमान ६० टक्के. इंग्रजीत दहावीला किंवा बारावीला ५० टक्के. शिवाय आयएमयूची, म्हणजे इंडियन मेरीटाइम युनिव्हर्सिटीची, सीईटी (प्रवेश परीक्षा). मॅथ्स सोडलंस तर हे सगळंच पुसायचं. बाप बराच वेळ त्या फळ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, “म्हणजे मास्तरांनू, ह्या आताच ठरवूक व्हया?” होय बाबा, आताच ठरवूक व्हया.

त्याला दुसरी वाटही सांगितली. जीपी रेटिंगचं प्रशिक्षण दहावीवरही करता येतं, त्यातून जहाजावर खालच्या पदापासून सुरुवात होते. फक्त ती संस्था डीजी शिपिंगच्या, म्हणजे केंद्राच्या जहाजखात्याच्या, मान्यताप्राप्त यादीत आहे की नाही ते आधी बघायचं. आपल्या किनाऱ्यावर बनावट सर्टिफिकेटं देऊन लाखांनी पैसे उकळणारे एजंट फिरतात, हे सभेत मोठ्याने बोल. आणि पैसे भरण्याआधी पोराचे डोळे तपासून घ्यायला सांग. रंगांधळेपणा निघाला तर डेकवरचं काम विसरायचं, आणि ते फी भरल्यावर कळण्यात काय अर्थ?

विज्ञान शाखेतली ही मॅथ्स-बायोलॉजीची फाटाफूट नीट समजावून सांग. मॅथ्स सोडलं तर इंजिनिअरिंग, आर्किटेक्चर, जहाजावरची ऑफिसरकी ही दारं बंद. बायोलॉजी सोडली तर डॉक्टरकी, बी.एस्सी. नर्सिंग, आणि आपल्या रत्नागिरीजवळच्या शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयाची बी.एफ.एस्सी. (मत्स्यशास्त्राची पदवी) बंद. बी.फार्मसी आणि शेतीची पदवी मात्र दोन्ही बाजूंनी मिळते. फिजिक्स-केमिस्ट्री हवीच, तिसरा विषय मॅथ्स असो वा बायोलॉजी. दापोलीचं कृषी विद्यापीठ १९७२ पासून आपल्या दारात उभं आहे आणि आंबा-काजूच्या घरातल्या पोरांना तिथे पदवी करता येते हे पालकांना माहीत नसतं, याचं मला दरवर्षी नवल वाटतं. दोन्ही विषय ठेवायचे तर ठेवता येतात, पण ओझं पेलणाऱ्यानेच. सगळ्यांना तो सल्ला देऊ नकोस.

आता त्या वाक्याकडे येतो, जे तुझ्या सभेतही कुणीतरी म्हणणारच: “सायन्स घेऊन ठेवू, नंतर बदलता येतं.” कागदावर ते खरं आहे. विज्ञानाच्या बारावीवरून बी.ए., बी.कॉम.ला जाता येतं, कलेच्या बारावीवरून बी.एस्सी.ला जाता येत नाही. म्हणून सगळे म्हणतात, मोठं दार उघडं ठेवा. पण ज्या पोराचं मन तिथे नाही ते फिजिक्समध्ये गटांगळ्या खातं, बारावीला दोन विषय राहतात, घरात बसतं आणि मग आंब्याच्या हंगामात बागेत राबायला जातं ते तिथलंच होऊन जातं. ठेवलेलं दार त्याला दिसतही नाही. मला विचारशील तर भूगोल-अर्थशास्त्र मनापासून शिकलेला मुलगा फिजिक्स कसाबसा काढलेल्या मुलापेक्षा पुढे जातो. एमपीएससी असो नाहीतर यूपीएससी, पदवी कुठल्याही शाखेची चालते. कायद्याचा पाच वर्षांचा अभ्यासक्रम कुठल्याही शाखेच्या बारावीवर, सीईटी देऊन. सीएच्या पहिल्या परीक्षेला, फाउंडेशनलाही, शाखेची अट नाही. नोंदणी दहावीनंतर करता येते, परीक्षा बारावीनंतर. आणि बीबीए, बीसीए, बीएमएस या अभ्यासक्रमांना २०२४ पासून राज्याची सीईटी लागू झाली आहे. ‘कॉमर्स घेतलं म्हणजे प्रवेश परीक्षेची कटकट संपली’ असं धरून चालणाऱ्यांना हे आधी सांग.

मार्कांबद्दल दोन गोष्टी, कारण त्यावर घराघरात भांडणं होतात. इंजिनिअरिंगला बारावीत फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्स मिळून ४५ टक्के (राखीव गटाला ४०) ही पात्रता. त्यापुढचं सगळं सीईटीच्या पर्सेंटाइलवर. आमच्या शेजारच्या आईने मुलाला ८५ पर्सेंटाइल मिळाले म्हणून पेढे वाटले, आणि मग जवळच्या चांगल्या कॉलेजात नंबर का लागला नाही म्हणून मला धारेवर धरलं. ८५ पर्सेंटाइल म्हणजे शंभरात ८५ जण आपल्या बरोबरीला किंवा मागे, आणि पंधराएक पुढे. आणि हे पुढचे पंधरा राज्यभरातले असतात, तेव्हा ती संख्या हजारांत जाते. दुसरं, सीईटीत अकरावीचा भाग साधारण २० टक्के आणि बारावीचा ८०. अकरावी म्हणजे विसाव्याचं वर्ष असं मानून सरकणाऱ्यांना हा २० टक्क्यांचा आकडा फळ्यावर मोठ्या अक्षरांत दाखव.

दहावीनंतर थेट पॉलिटेक्निकला जाणाऱ्यांची गोष्ट मात्र वेगळीच. डिप्लोमा तीन वर्षांचा, दहावीच्या मार्कांवर, सीईटी नाही. पास झाला की इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मागता येतो. मालवण आणि रत्नागिरीचं शासकीय पॉलिटेक्निक आपल्या जवळच आहे. आयटीआयचंही तसंच, दोन वर्षांचा ट्रेड केलेला मुलगा पुढे डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला जाऊ शकतो. गावात कुणी आयटीआय केलं म्हटलं की ‘अरेरे’ म्हणतात. पावसात बोटीचं इंजिन बंद पडलं की याच अरेरेवाल्याला मध्यरात्री फोन जातो.

आता फॉर्म. हा आपल्याकडे नवा प्रकार आहे. २०२५-२६ पासून अकरावीची ऑनलाइन प्रक्रिया सगळ्या राज्याला लागू झाली. आधी पोरं कॉलेजच्या खिडकीवर जाऊन फॉर्म भरायची, आता घरून पसंतीक्रम भरायचा. किमान एक, जास्तीत जास्त दहा. यात कळीची गोष्ट अशी की पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं तर तिथे प्रवेश घ्यावाच लागतो. नाही घेतला तर पुढच्या नियमित फेऱ्यांमधून बाहेर. म्हणून पहिल्या ओळीत नुसतं नाव मोठं म्हणून कॉलेज टाकायचं नाही. आमच्याकडे एका मुलीने पहिल्या नंबरला तालुक्यापलीकडचं नावाजलेलं कॉलेज भरलं, नंबर लागला, आणि मग घरात बसून एसटीचं वेळापत्रक बघितलं. सकाळी निघून वेळेत पोचेल अशी गाडीच नव्हती. वसतिगृहाचे पैसे नव्हते. पुढचे आठ दिवस त्या घरात कुणी नीट जेवलं नाही. शेवटी आत्याकडे राहायची सोय झाली, पण हे आधी करता आलं असतं. तेव्हा सभेत आधी एसटी आणि राहण्याची सोय विचार, मग कॉलेजचं नाव.

त्याच फॉर्मात आणखी एक खोच आहे. एकाच कॉलेजात त्याच शाखेची अनुदानित तुकडी वेगळी आणि विनाअनुदानित किंवा स्वयंअर्थसहाय्यित वेगळी असते, आणि फीमधला फरक घरचं गणित बिघडवणारा. फॉर्ममध्ये दोन्ही वेगवेगळ्या ओळींत दिसतात, वाचायची सवय नसलेल्याला सारख्याच वाटतात. बोट ठेवून दाखव.

सर्वांत कंटाळवाणा, पण माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा भाग कागदपत्रांचा. जातीचा दाखला असतो, पडताळणी नसते. मग बारावीनंतर व्यावसायिक प्रवेशाच्या ऐन वेळी धावपळ. ओबीसींना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा शोधावा लागतो, आणि आपल्याकडे तो बहुतेक वेळा आजोबांच्या किंवा चुलत आजोबांच्या जुन्या शाळेच्या रजिस्टरात सापडतो. एका पालकाला मी जुन्या मराठी शाळेत घेऊन गेलो, तर पान वाळवीने खाल्लेलं, पण नेमकी नावाची ओळ शाबूत. अकरावीलाच शोधाला लागायला सांग. नॉन-क्रिमिलेअरचा (घरचं उत्पन्न मर्यादेच्या आत असल्याचा) दाखला मात्र ३१ मार्चपर्यंतच चालतो, त्यामुळे तो वेळ बघून काढायचा. आणि मुलींच्या आईबापांना आवर्जून सांग: २०२४-२५ पासून ज्या घराचं उत्पन्न आठ लाखांपर्यंत आहे अशा ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमाचं शिक्षण व परीक्षा शुल्क शासन पूर्ण भरतं. ‘मुलीला कशाला एवढा खर्च’ म्हणणाऱ्याचं तोंड बंद करायला मला या एका नियमाइतकं काही उपयोगी पडलेलं नाही.

एक तक्रार करून घेतो, रागावू नकोस. आपल्या कोकण बोर्डाचा निकाल दरवर्षी राज्यात पहिला येतो आणि आपण हार-तुरे घेऊन मोकळे होतो. टक्के आपले, सीईटीच्या यादीत वरची नावं मात्र बाहेरची जास्त दिसतात. दहावीत ९० मिळवणारी पोरं पुढच्या परीक्षेचा नमुनाही न बघता बारावीपर्यंत येतात. हे पालकांचं अपयश मी मानत नाही. त्यांना विचारायला माणूस नाही. आमच्याकडची एक बाई म्हणाली, “आमका काय त्यातला कळता? तुमी सांगशात ता.” असं कुणी आपल्यावर टाकलं की नुसतं ‘मुलाला आवडेल ते घेऊ द्या’ म्हणून सुटायचं नसतं. आवड विचार, पण नियम सांगून मग विचार. नियम माहीत नसताना पोरगं काय, कुणीही मित्राचंच बघून लिहितो.

आणखी एक. त्या सभेत मुलांनाही बसव, आणि बापाला आधी बोलू देऊ नकोस.

जानेवारीतला रविवार ठरला की तारीख कळव. मी येईन, बोरिवली गाडीने संध्याकाळी पोचेन. वहिनींना नमस्कार सांग, आणि रात्री वालाचं बिरडं करायचं असेल तर नाही म्हणणार नाही.

तुझा,
अण्णा

ता. क. – प्रोजेक्टर लावू नकोस. मागे बसलेल्यांना वाचता येत नाही आणि विचारायची लाज वाटते. फळा आणि खडू पुरे. सभा संपल्यावर फळा लगेच पुसायचा नाही, लोक फोटो काढून घेतात आणि मुंबईला पाठवतात.