गाडी धुवायला पाइप कशाला पाहिजे?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी मूळचा लातूरचा, 2017 पासून पुण्यात वाघोलीला राहतो. आमची सोसायटी जवळजवळ पूर्ण टँकरवर आहे, मार्च लागला की गेटवर टँकरची रांग असते आणि मेंटेनन्सचा मोठा भाग त्यातच जातो हे इथल्या प्रत्येकाला माहितीये. तरी दर रविवारी सकाळी पार्किंगमध्ये पाइप लागतात आणि गाड्या धुतल्या जातात. मला हे बघवत नाही, म्हणून लिहितोय.

एकदा मी 20 लिटरची बादली घेऊन पार्किंगमधल्या नळाखाली धरली, भरायला दीड मिनिट लागलं, म्हणजे मिनिटाला तेरा-साडेतेरा लिटर. एका गाडीला पाइप आठ-दहा मिनिटं तरी चालू असतो (साबण लावताना पण बंद करत नाहीत, जमिनीवर पडलेला असतो आणि वाहतो), म्हणजे गाडीमागे 120 लिटरच्या आसपास. आमच्याकडे रविवारी अशा 80 एक गाड्या धुतात. गुणाकार करा, दहा हजार लिटरचा एक अख्खा टँकर होतो. दर रविवारी एक टँकर, वर्षाचे 52. म्हणजे पाच लाख लिटरच्या वर.

हा पाच लाखाचा आकडा लातूरच्या माणसाला वेगळा सांगावा लागत नाही. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला पहिली जलदूत, म्हणजे पाण्याची रेल्वे, आली तिच्यात दहा वॅगनमध्ये मिळून पाच लाख लिटर पाणी होतं, आणि ती येणार म्हणून अख्खं शहर डोळे लावून बसलेलं. त्याच्या आधी मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांजवळ भांडणं होऊ नयेत म्हणून जमावबंदी लावली होती, 144 कलम, पाण्यासाठी! मांजरा धरण कोरडं पडलेलं. आमच्या आईनं तेव्हा घागरी, कॅन, कुकरचं भांडं, जे मिळेल ते भरून ठेवलेलं. ती पहिल्यांदा इथं राहायला आली आणि रविवारी खाली उतरली तेव्हा पार्किंगमधून गटाराकडे जाणारा ओघळ बघत उभी राहिली आणि म्हणाली, "बाळा, एवढ्या पाण्यात आपलं चार दिवस निघालं असतं रे." मी त्याच आठवड्यात वॉटरलेस वॉशची (पाण्याशिवाय, नुसता स्प्रे मारून गाडी पुसायच्या द्रवाची) बाटली मागवली.

आता खरं सांगतो, पहिल्यांदा मी ते चुकीचंच केलं. दुपारी उन्हात उभ्या गाडीवर स्प्रे मारला आणि जुन्या बनियनने गोल गोल घासलं. बोनेट गरम, स्प्रे लगेच वाळला, धूळ तशीच होती आणि मी ती रंगावर रगडत होतो. संध्याकाळी लाइटखाली बघितलं तर बोनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा, गडद निळी गाडी असल्यामुळे त्या जास्तच दिसतात. पॉलिश करणाऱ्याकडे गेलो तेव्हा त्यानं समजावलं की रंगाच्या वर जो क्लिअर कोट असतो तो साधारण 40 ते 50 मायक्रॉनचा, कागदाच्या पानापेक्षा पातळ, आणि या रेषा त्यातच पडतात. पॉलिश केलं की तो आणखी पातळ होतो, म्हणून वारंवार पॉलिश करणं हा काही उपाय नाही. लोक एकदा असं करतात, रेषा बघतात आणि म्हणतात हे वॉटरलेस वगैरे सगळं फसवं आहे, आणि परत पाइप घेतात. पण बाटलीत खोट नसते, आपण फडकं कसं चालवतो तिथे चुकतं.

त्या द्रवात धूळ सोडवणारे साबणासारखे घटक असतात आणि सोबत मेण किंवा पॉलिमर असतं, ज्याने पृष्ठभाग निसरडा होतो. स्प्रे मारून अर्धा मिनिट थांबलं की धूळ भिजते, सुटी होते, आणि मग ती फडक्याच्या तंतूंमध्ये उचलली जायला पाहिजे, ओढली जायला नको. म्हणून बनियन नाही, जुना टॉवेल नाही, जाडसर, लांब तंतूंचं मायक्रोफायबर घ्यायचं, चौघडी करायची म्हणजे दोन्ही बाजू मिळून आठ स्वच्छ बाजू मिळतात, आणि दर एक-दोन पुसण्यांनंतर बाजू बदलायची. हात एकाच दिशेने, दाब न देता. आधी टप, मग काचा, बोनेट, दरवाजे, आणि दाराखालचा भाग सगळ्यात शेवटी कारण वाळू तिथेच असते. चाकांचं फडकं वेगळं, ते चुकूनसुद्धा पत्र्याला लावायचं नाही. गाडी सावलीत आणि थंड पाहिजे. फडकं खाली पडलं तर ते त्या दिवसापुरतं बाद, झटकून परत वापरायचं नाही. माझ्या हॅचबॅकला एका वेळी 100 मिली लागतं, अर्ध्या लिटरची बाटली पाच वेळा पुरते, सहा-सात फडकी लागतात आणि वीस-पंचवीस मिनिटं जातात. फडकी धुवायला अर्धी-पाऊण बादली पाणी लागतंच, ते लपवत नाही, पण 120 लिटर कुठे आणि ते कुठे! (फडकी बाकी कपड्यांत टाकू नका आणि त्यांना सॉफ्टनर लावू नका, तंतू बुजतात आणि मग ती धूळ धरत नाहीत.)

आणखी एक फायदा मला नंतर कळला. बोअरचं जड पाणी गाडीवर वाळलं की पांढरे डाग राहतात, काचेवर तर घासून पण निघत नाहीत. ते आता बंद झालं.

पण हे सगळीकडे चालतं असं मी म्हणणार नाही. पावसाळ्यात खडीच्या रस्त्यावरून आलेली, चिखलाचे थर बसलेली गाडी, किंवा कोकणात समुद्रावर नेऊन आणलेली, वाळू चिकटलेली गाडी, तिच्यावर वॉटरलेस वापरलं तर रंगाचं वाटोळं. तिथे पाणीच पाहिजे, पण तेही बादली आणि मग्गा घेऊन, आधी चिखल उतरवायचा आणि मग बाकीचं. बांधकामाची सिमेंटची धूळ असेल तरी हेच. आमच्या भागात ही धूळ भरपूर आहे, म्हणून मी आठवड्यातून दोनदा पुसतो, थर साठू देत नाही.

आता ज्या गोष्टीसाठी मला खरं तर हे पत्र लिहायचं होतं. आमच्या कमिटीने दोन वर्षांपूर्वी एका रात्रीत नोटीस लावली, पाइप बंद, धुणाऱ्यांनी एका बादलीत भागवावं. झालं काय, गाड्या पुसायला येणारे मामा पहाटे पाचला येतात, 25 गाड्या करतात, गाडीमागे महिन्याला 500 रुपये मिळतात, फडकी त्यांची स्वतःची. त्यांनी एकाच बादलीत दहा गाड्यांचं फडकं पिळायला सुरुवात केली, दुसऱ्या गाडीलाच पाणी काळं व्हायचं, गाड्यांवर रेषा पडल्या आणि सगळे मामांवर ओरडले. दोन महिन्यांत पाइप परत आला. चूक मामांची नव्हती, वॉटरलेसने पाच मिनिटांचं काम वीस मिनिटांचं झालं तर 25 गाड्या कशा होणार आणि त्यांनी बाटली कुठून आणायची? आम्ही पाच घरांनी मिळून आता असं ठरवलंय की बाटली आणि फडकी आमची, मामा आठवड्यातून दोनच दिवस येणार आणि आम्ही त्यांना महिन्याला 800 देणार. मामांना मी दोन रविवार सोबत राहून दाखवलं, तिसऱ्या रविवारी त्यांचा हात माझ्यापेक्षा हलका होता. सतत ओल्यात उभं राहून त्यांच्या पायांना चिखल्या व्हायच्या, त्याही कमी झाल्यात असं ते म्हणाले. सोसायट्यांनी नोटीस लावायच्या आधी हा हिशोब करावा, एवढीच माझी विनंती आहे.

मार्च 2024 मध्ये बेंगळुरूमध्ये पिण्याचं पाणी गाड्या धुवायला वापरण्यावर बंदी आली, पाच हजार रुपये दंड. टंचाई डोक्यावर आल्यावर आली. आपल्याकडे टँकर दर उन्हाळ्यात येतात, मग ठरवायला उन्हाळ्याची वाट कशाला बघायची?

आणि सर्व्हिस सेंटरवाल्यांना एक सांगणं आहे. मागच्या सर्व्हिसिंगला मी गाडी पुसून, चकाचक करून नेली आणि दोनदा सांगितलं की धुऊ नका, तरी संध्याकाळी ती ओली मिळाली, कारण प्रत्येक गाडी धुऊनच द्यायची अशी त्यांची पद्धत. जॉबकार्डवर ऑइल, ब्रेक, बॅटरी सगळ्याला रकाने असतात, तिथेच "वॉशिंग नको" असा एक रकाना छापायला काही खर्च येत नाही. तो छापा, आणि तिथे टिक केली असेल तर गाडी तशीच द्या.

आपला,
एक वाचक
वाघोली, पुणे