अमोनियाच्या गळतीवर प्रकाशाची नजर हवी: उद्योग सुरक्षा मंत्र्यांना खुले पत्र

माननीय मंत्री महोदय,

सविनय नमस्कार.

शीतगृहे आणि खत कारखान्यांतील अमोनियाच्या गळतीबाबतचा नियम ‘वायुशोधक बसवावा’ एवढ्यावर थांबू नये. तो शोधक कोणत्या तत्त्वावर चालतो आणि बिघडल्यास ते कसे कळते, याचीही अट त्यात असावी, अशी माझी विनंती आहे.

सर्रास वापरले जाणारे विद्युत-रासायनिक सेन्सर (वायूच्या रासायनिक अभिक्रियेतून निघणाऱ्या विद्युतप्रवाहावरून त्याचे प्रमाण सांगणारे) स्वस्त असतात आणि बंद खोलीत उपयोगीही पडतात. परंतु अमोनियाच्या संपर्काने त्यांची क्षमता घटत जाते, आणि निकामी झालेला सेन्सर शुद्ध हवेत असल्याप्रमाणे शून्यच दाखवत राहू शकतो. शिवाय अमोनिया हवेपेक्षा हलका म्हणून ते छताजवळ लावले जातात. प्रत्यक्षात दाबाखालचा द्रव अमोनिया नळी फुटून बाहेर पडला, की त्याचा थंड, तुषारमिश्रित ढग हवेपेक्षा जड होऊन जमिनीलगत पसरू शकतो. ज्या उंचीवर माणसे वावरतात, नेमके तेथेच तेव्हा कोणतेही उपकरण नसते. नाकावरही विसंबता येत नाही, कारण या वासाला ते सरावते.

प्रकाशीय पद्धतीत आवाराच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे किरण सोडला जातो. अमोनिया ठरावीक तरंगलांबींचाच प्रकाश शोषतो: अतिनील पट्ट्यात २०० ते २२० नॅनोमीटरच्या आसपास, निकट अवरक्तात १५१२ नॅनोमीटरजवळ, आणि सर्वांत ठळकपणे १० ते ११ मायक्रोमीटरच्या दरम्यान. लेझरची तरंगलांबी अशा एका शोषणरेषेवरून पुन्हा पुन्हा फिरवली, की धुळीमुळे आलेली मंदता सर्व तरंगलांबींवर सारखी दिसते, तर अमोनियामुळे प्रकाशात पडलेली खाच त्या रेषेवरच उमटते. हवा नळीतून ओढून घ्यावी लागत नाही, हा मला फार मोठा लाभ वाटतो, कारण अमोनिया नळीच्या भिंतींना चिकटतो आणि मापन उशिरा व कमी येते. याच तत्त्वावर औष्णिक वीज केंद्रांच्या धुरातील, धूर शुद्ध करण्यासाठी सोडलेल्यातून उरलेला अमोनिया मोजला जातो, आणि उपग्रहांवरील अवरक्त उपकरणे शेतजमिनींवरील अमोनियाही टिपतात.

या पद्धतीची मर्यादाही नियमात धरावी लागेल. किरणाच्या वाटेवरील एकूण अमोनिया मोजला जात असल्याने १५०० पीपीएम-मीटर (पीपीएम म्हणजे हवेच्या दहा लाख भागांतील वायूचे भाग, गुणिले वाटेची मीटरमधील लांबी) हा आकडा १०० मीटरभर पसरलेल्या १५ पीपीएमचा असू शकतो, तसाच एका मीटरात दाटलेल्या १५०० पीपीएमचाही; आणि ३०० पीपीएमची पातळीच जीवितास तात्काळ धोकादायक मानली जाते. म्हणून कॉम्प्रेसरच्या खोलीत बिंदू-सेन्सर (वर सांगितलेल्या विद्युत-रासायनिक सेन्सरसारखे, एकाच जागची हवा तपासणारे) आणि आवाराच्या सीमेवर, माणसाच्या उंचीवर, किरण-शोधक अशी दोहोंची जोड बंधनकारक करावी.

दाट धुक्यात किरण अडला, तर उपकरणाने शून्य न दाखवता ‘बिघाड’ असा इशारा द्यावा. तसेच ठाऊक प्रमाणात अमोनिया भरलेल्या बंद संदर्भ-कुपीवर त्याने स्वतःची तपासणी करत राहावे आणि त्या नोंदी निरीक्षकांना पाहता याव्यात, एवढी तरतूद आपण नियमात करावी.

आपला विश्वासू,
वायुमापन क्षेत्रातील एक अभियंता