प्रभू येणार हे खरंच, पण तारखा सांगणं थांबवा

मा. संपादक साहेब, सप्रेम नमस्कार

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या आमच्या ख्रिस्ती व्हाट्सअप ग्रुपवर सध्या येशूच्या येण्याची तारीख सांगणारे व्हिडिओ फिरालेत, म्हातारी माणसं घाबरतात आणि कॉलेजची पोरं विचारतात की मग परीक्षा तरी कशाला द्यायची, म्हणून हे पत्र लिहितोय. प्रभू परत येणार यावर आमचा पूर्ण विश्वास आहे. बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांत पहिल्याच अध्यायात ते लिहिलंय, आणि प्रभुभोजन, म्हणजे चर्चमध्ये भाकर नि द्राक्षारस, आम्ही घेतो तेही तो येईपर्यंत त्याच्या मरणाची साक्ष म्हणूनच. पण तो दिवस, ती घटका देवबापाशिवाय कुणालाच माहीत नाही, देवदूतांनाही नाही, हे मत्तय 24:36 मध्ये खुद्द येशूनंच सांगितलंय, मग या व्हिडिओवाल्यांना कुठनं कळलं?

अमेरिकेत विल्यम मिलर नावाच्या उपदेशकाच्या लोकांनी 22 ऑक्टोबर 1844 ही तारीख धरली होती, काहींनी तर उभं पीक कापलंच नाही. 2011 मध्ये हॅरोल्ड कॅम्पिंगनं रेडिओवरून 21 मे सांगितली. दोन्ही दिवस आले नि गेले, आणि नाव खराब झालं ते विश्वासाचं.

बायबलच्या काळात थेस्सलनीका शहरात पण काही लोक कामधंदा सोडून बसले होते, त्यांना प्रेषित पौलानं स्पष्ट लिहिलं की काम करायचं नाही तर खायचंही नाही, आणि तो स्वतः तंबू शिवून पोट भरायचा. बायबलमधल्याच आपल्या पत्रात याकोबानं तर प्रभूची वाट कशी बघायची ते शेतकऱ्यावरून सांगितलंय, आमच्या खानापूरकडच्या भातवाल्यांना ते लगेच कळतं, पाऊस त्यांच्या हातात नसतो पण बांध घालणं, तरवा टाकणं कोण थांबवतंय?

आणि ही आशा खरी कुठं लागते ते सांगतो. आमच्याकडं मयताला मराठी आणि कन्नड दोन्हीत गाणी होतात, मग चर्चचे पाळक पौलानं थेस्सलनीकाकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राचा चौथा अध्याय वाचतात, ख्रिस्तात मेलेले आधी उठतील, मग आपण सगळे कायम प्रभूजवळ राहू. ज्या आईनं पोर पुरलंय तिला त्या वेळी दुसरं कुठलंच बोलणं आधार देत नाही हो. त्याच्या शेवटी पौल म्हणतो या वचनांनी एकमेकांचं सांत्वन करा. घाबरवा असं नाही म्हणत.

तुम्हाला एकच विनंती, अशा भाकिताची बातमी छापाल तेव्हा इथल्या एखाद्या पाळकांना किंवा फादरना विचारून त्यांचं म्हणणं पण त्याच बातमीत घ्या.

आपला,
एक ख्रिस्ती वाचक, बेळगाव