अहमदाबादच्या नोकरीबद्दल

दांडिया बाजार, बडोदे

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

तुला अहमदाबादच्या सोफॉसमध्ये, म्हणजे पूर्वीच्या सायबरोममध्ये, नोकरी मिळतेय, त्यावर परवा फोनवर बाबांनी मला बोलूच दिलं नाही, म्हणून लिहिते. ‘ज्या कंपनीचे मालक सारखे बदलतात तिथे कशाला जायचं?’ हा त्यांचा हेका. सरकारी नोकरीत जन्म गेला, मालक बदलला की त्यांना दिवाळंच निघाल्यासारखं वाटतं. मी मकरपुऱ्याच्या कारखान्यात हिशेब सांभाळले, मला तसं वाटत नाही.

आधी घराणं बघू. सायबरोम मूळ अहमदाबादची, एलिटकोअर कंपनीची लेक. ऑफिसांच्या नेटवर्कला राखण करणारे बॉक्स, म्हणजे फायरवॉल, ती बनवायची. २०१४ मध्ये ती ऑक्सफर्डजवळच्या सोफॉसने घेतली. सोफॉस १९८५ ची. २०१५ ला लंडनच्या शेअर बाजारात उतरली आणि २०२० ला थोमा ब्राव्हो या अमेरिकी गुंतवणूकदारांनी सुमारे ३.९ अब्ज डॉलरला सगळे शेअर घेऊन ती पुन्हा खाजगी केली. बाबा इथपर्यंतच वाचतात. पण २०१५ च्या अखेरीला सोफॉसने जी नवी फायरवॉल बाजारात आणली, तिच्यात अहमदाबादचं काम होतं. नाव गेलं, माल राहिला. घेणाऱ्याला काय हवं होतं ते यातून दिसतं.

आता पैसा. आमच्या ऑफिसात असाच एक बॉक्स होता. घेताना एकदाच पैसे गेले, खरा खर्च पुढे रिन्यूअलचा. एका वर्षी शेठ म्हणाले, ‘दिवे तर लागतायत ना, मग कशाला भरायचे?’ दिवे लागत होतेच! पण लायसन्स संपलं की नव्या व्हायरसची माहिती यायची बंद होते, वेबसाइट अडवणं थांबतं आणि बॉक्स नुसती साधी दारं उघडबंद करत बसतो. शेवटी भरले. अशी शेकडो शेठांची रिन्यूअल्स वर्षानुवर्षं येत राहतात, म्हणूनच असल्या कंपन्या विकत घ्यायला कोणीतरी पुढे येतं. मालक बदलतो तो धंदा चालतो म्हणून. बाबांना हे पटवताना माझ्या नाकी नऊ येतील.

मला काळजी वेगळीच होती. जे कुलपं विकतात त्यांचं स्वतःचं कुलूप कसं आहे? २०१२ मध्ये टॉर प्रकल्पाच्या (इंटरनेटवर ओळख लपवणारं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या) लोकांनी दाखवून दिलं की सायबरोमच्या बॉक्समध्ये एन्क्रिप्टेड वाहतूक तपासण्यासाठी जी गुप्त किल्ली असते ती सगळ्यांत एकच होती. अख्ख्या सोसायटीच्या फ्लॅटना एकाच चावीची कुलपं बसवावीत तसं. मग कंपनीने प्रत्येक बॉक्सला वेगळी किल्ली दिली. डिसेंबर २०१८ मध्ये सायबरोमच्याच ऑफिसच्या नेटवर्कमध्ये हॅकर चोर शिरले, तेही भिंतीवरचा स्क्रीन चालवणाऱ्या एका कॉम्प्युटरमधून. त्याच्याकडे कोण बघणार! एप्रिल २०२० मध्ये सोफॉसच्या फायरवॉलमध्ये भोक सापडलं, त्याचा फायदा घेऊन जगभरच्या बॉक्सवर हल्ला झाला आणि कंपनीने घाईने दुरुस्ती धाडली. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेने त्या प्रकरणी एका चिनी नागरिकावर आरोप ठेवले. सुमारे ८१,००० बॉक्सचा प्रश्न होता.

यातलं मला आवडलं ते असं की चोरी आपल्याच घरात कशी झाली, हे सोफॉसने २०२४ मध्ये स्वतः सविस्तर छापलं. आमच्याकडे ऑडिटरने साधी चूक काढली तरी कागद कपाटात जायचा.

म्हणून माझं मत, जा. सही करण्याआधी तीन गोष्टी मात्र विचार. काम कोडिंगचं की सपोर्टचं? सपोर्ट असेल तर परदेशी गिऱ्हाइकांमुळे रात्रपाळी किती? आणि नोटीस पीरियड किती महिन्यांचा? पगारातला व्हेरिएबल (कमीजास्त होणारा भाग) वेगळा काढून आकडा मला व्हॉट्सअॅपवर टाक, मी मांडून बघते. बाबांना तोवर काही बोलू नकोस, त्यांचं मी बघते.

तुझी
आई