कपाटातली लाल फाईल आणि प्रेसवरचा मुलगा

पुणे, २६ ऑक्टोबर २०२५

ती. बाबा आणि ती. आई यांस,
साष्टांग नमस्कार.

दिवाळीहून परत आल्यापासून हे पत्र मनात घोळतंय. फोनवर विम्याचा हा विषय होतच नाही. बाबा, तुम्ही "बघू गं" म्हणता, आई, तू "जेवलीस का" विचारतेस, आणि बोलणं तिथंच राहतं. म्हणून बसून लिहितेय. दोघांनी मिळून वाचा, चहा घेऊन, घाई न करता.

खंडेनवमीला मी कोल्हापुरात उद्यमनगरच्या आपल्या कारखान्यात आले होते. लेथला झेंडूच्या माळा, ड्रिलला हळदकुंकू, पंचपात्रातल्या पाण्यावर तेलाचा तवंग, सगळं लहानपणी होतं तसंच. नारळ फोडायला प्रेस मशीनवरचा तो नवा मुलगा पुढे आला आणि त्याचा डावा हात दिसला. मधल्या बोटाला पट्टी, आणि बोट जिथं संपायला हवं त्याच्या आधीच संपलेलं. एक पेर गेलंय. नारळ त्याने उजव्या हाताने फोडला आणि डावा हात नकळत पाठीमागे नेला.

तुम्ही त्याच्या दवाखान्याचे ३८,००० रुपये भरलेत, तीन आठवड्यांचा पगार पूर्ण दिलात, हे मला टर्नरकाकांनी सांगितलं. त्याची आई प्रसादाला आली होती. तिने वाकून तुमच्या पायाला हात लावला. बाबा, तुम्ही लगेच मागे सरकलात, "अहो, हे काय" म्हणालात. पण मला ते बघवलं नाही. जे तिच्या मुलाच्या हक्काचं होतं, त्यासाठी ती माऊली वाकली होती. आणि खरं सांगायचं तर हक्काचं होतं तेवढंही त्याला मिळालेलं नाही.

रागावू नका, हिशोब बघा. ज्यांना ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा, नाही, त्यांच्यासाठी १९२३ चा कर्मचारी नुकसानभरपाई कायदा आहे. त्याच्या परिशिष्टात प्रत्येक अवयवाची टक्केवारी दिलीय. मधल्या बोटाचं एक पेर म्हणजे ७ टक्के. पगाराच्या ६० टक्क्यांना वयाप्रमाणे ठरलेल्या आकड्याने गुणायचं आणि त्याचे ७ टक्के काढायचे. मुलगा पंचविशीचा, पगार १५,००० रुपये. नऊ हजार गुणिले २१६.९१, त्याचे ७ टक्के. सुमारे १ लाख ३७ हजार रुपये होतात. शिवाय उपचाराचा खर्च मालकाचाच. म्हणजे तुम्ही जे दिलंत ते उपचार आणि पगार. बोटाचं अजून द्यायचं राहिलंय. हे पैसे त्याला आपण देऊया. वकिलांना विचारून रीतसर कागद करून देऊ, आणि त्यात माझे ५०,००० धरा. नाही म्हणू नका.

बाबा, मी चाकणच्या कारखान्यात नऊ वर्षं हेच काम करतेय. अपघाताचे फॉर्म, पीएफ, गटविमा. एवढ्या वर्षांत कळलेली गोष्ट एकच: मालकाचा चांगुलपणा त्याच्या बँकेतल्या शिलकीएवढाच लांब पोचतो. आज बोट होतं, तुम्ही निभावून नेलंत. उद्या देव न करो, पण चाळीस वर्षांचा कुणी प्रेसखाली गेला तर? त्याच कायद्याने मृत्यूला पगाराचे निम्मे धरून ७,५०० गुणिले १८४.१७, म्हणजे १३ लाख ८१ हजार रुपये. तेवढे काढायला तुम्हाला मशीन विकावं लागेल, आणि मशीन विकलं तर बाकीच्या अकरा घरांची चूल विझेल. आपली माणसं तुमच्या मनाच्या मोठेपणावर अवलंबून राहू नयेत, एवढंच माझं म्हणणं आहे.

आपल्याकडे टर्नरकाका आणि सुपरवायझर धरून बारा माणसं आहेत. दहा झाली की ईएसआय लागू होतो. आपण नोंदणी केलीच नाही. "पाच-सहा जण तर होते सुरुवातीला" हे खरं, पण ते वीस वर्षांपूर्वी. तुम्हाला कसली भीती वाटतेय ते मला माहीत आहे: आता गेलो तर मागची सगळी बाकी काढतील, दंड लावतील. ऐका. १ जुलैपासून ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत ईएसआय महामंडळाने स्प्री नावाची योजना ठेवलीय. या मुदतीत मालकाने आपणहून नोंदणी केली, तर मागच्या काळाची वर्गणी मागणार नाहीत, तपासणी लावणार नाहीत. नोंदणीच्या तारखेपासून पुढचंच धरतील. हातात दोन महिने आहेत. अशी संधी परत येईल असं धरून चालू नका.

खर्च सांगते. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्यांना तो लागू होतो. आपले असे दहा जण. मालकाने पगाराच्या ३.२५ टक्के भरायचे, कामगाराने ०.७५ टक्के. पंधरा हजारांवर तुमचे ४८७ रुपये ५० पैसे, त्याचे ११२ रुपये ५० पैसे. सगळ्यांचा पगार पंधरा हजार धरला तर तुमचे महिन्याला ४,८७५. आपल्या वीजबिलाच्या मानाने हे काहीच नाही. त्याबदल्यात कामगाराला, त्याच्या बायकोमुलांना आणि त्याच्यावर अवलंबून असलेल्या आईवडिलांना उपचार मिळतात. ईएसआयचं रुग्णालय कोल्हापुरातच आहे. तो आजारी पडला तर वर्षात ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के पगार. कामावर जखमी झाला तर बरा होईपर्यंत ९० टक्के, आणि अपघाताचं हे संरक्षण पहिल्या दिवसापासून. कायमचं अपंगत्व आलं तर दरमहा पैसे. कामावरच्या अपघातात गेला तर घरच्यांना पेन्शन. हा विमा असता तर त्या मुलाची आई कुणाच्या पाया पडली नसती.

टर्नरकाका आणि सुपरवायझर मात्र २१,००० च्या वर आहेत. ईएसआय त्यांना लागत नाही, पण मशीन काही पगार बघून चावत नाही. त्या दोघांसाठी कामगार नुकसानभरपाईची वेगळी पॉलिसी घ्यायची, तीच ती जुन्या लोकांच्या तोंडची वर्कमेन कॉम्पेन्सेशन. मघाशी सांगितलेली भरपाई द्यायची वेळ आली तर ती विमा कंपनी देते. पीएफ आपल्याला सक्तीचा नाही, त्याला वीस माणसं लागतात. पण बँकेतून दोन विमे तरी सगळ्यांचे काढून घ्या. वर्षाला २० रुपयांत २ लाखांचा अपघात विमा, वय ७० पर्यंत. ४३६ रुपयांत २ लाखांचा जीवन विमा, तो ५० च्या आत सुरू करावा लागतो. वीस रुपयांचा तुम्हा दोघांनाही मिळतो, तो याच आठवड्यात काढा.

आता २०१९ च्या पुराचं. अजून जेवताना विषय निघाला की तुम्ही म्हणता, विमा कंपनीने लुबाडलं. ऑगस्टमध्ये शाहूपुरीच्या गोडाऊनमध्ये छातीएवढं पाणी होतं, बारा लाखांच्या मालातला पाच लाखांचा गेला, आणि हातात अडीच लाख पडले. त्या सर्वेअरशी तुम्ही भांडलात तेही आठवतंय मला. पण बाबा, मी ती पॉलिसी परवा फाईलमधून काढून बघितली. माल बारा लाखांचा आणि विमा सहा लाखांचा. हप्ता वाचवायला किंमत निम्मी लिहिली होती. अशा वेळी कंपनी निम्म्याच मालाची जबाबदारी घेते, म्हणजे कितीही नुकसान झालं तरी त्याचा निम्माच भाग देते. पाचाचे अडीच झाले ते असे. त्यांनी हे काढताना तुम्हाला नीट समजावलं नाही, ही चूक त्यांची नक्कीच. पण पुढच्या वेळी तसंच व्हायला नको.

१ एप्रिल २०२१ पासून छोट्या धंद्यांसाठी भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा ही पॉलिसी आहे. एका जागेवरची मालमत्ता ५ कोटींपर्यंत असली की चालते. आग, पूर, वादळ, भूकंप सगळं त्यात येतं, आणि किंमत १५ टक्क्यांपर्यंत कमी लिहिली गेली असेल तर त्यासाठी पैसे कापत नाहीत. मशीनची आणि मालाची आजची किंमत घालून घ्यायची. चोरी आणि मशीनचा बिघाड यांचे विमे वेगळे असतात, ते विचारून घेऊ. घरासाठी अशीच भारत गृह रक्षा आहे. टेम्पोचा आणि स्कूटरचा विमा चालू आहे, ते ठीक. स्कूटरच्या पॉलिसीत मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमा आहे का तेवढं बघा.

आई, आता तुझ्याशी.

माझ्या कंपनीच्या गटविम्यात तुम्हा दोघांना मी तीन लाखांसाठी घातलंय, त्यामुळे "आमचं आहे की" असं तू सगळ्यांना सांगतेस. अगं, ते माझ्या नोकरीला बांधलेलं आहे. उद्या मी नोकरी बदलली किंवा कंपनीने ती सवलत काढून घेतली, की तुम्ही दोघं उघड्यावर. म्हणून तुमच्या नावाचा स्वतंत्र आरोग्य विमा हवाच, आणि तो आत्ताच. आधी ६५ च्या पुढे नवीन पॉलिसी द्यायला बऱ्याच कंपन्या नकार द्यायच्या, म्हणून बाबा ६५ च्या पुढे गेल्यावर आपण सोडूनच दिलं होतं. २०२४ पासून वयाची ती अट राहिली नाही. आणि यंदा २२ सप्टेंबरपासून वैयक्तिक आरोग्य आणि जीवन विम्यावरचा १८ टक्के जीएसटीही गेलाय.

पण तुझी साखर लिहायची. लपवायची नाही. मागच्या वेळी एजंट तुला म्हणाला होता, "काकू, ते लिहू नका, हप्ता वाढेल." त्याचं ऐकू नकोस. आधीपासूनच्या आजाराला आता जास्तीत जास्त तीन वर्षं थांबावं लागतं, मग तो आजारही विम्यात येतो. आणि सलग पाच वर्षं पॉलिसी चालली की फसवणूक सोडून दुसऱ्या कुठल्या कारणाने, हे आधी सांगितलं नाही ते सांगितलं नाही असं म्हणून, क्लेम नाकारता येत नाही. साखर लपवली तर ऐन दवाखान्यात नेमकं तेच काढतील. बाबांच्या बीपीचंही तसंच.

दुसरं, खोलीभाडं. आत्याच्या गुडघ्याचं आठवतं ना? पॉलिसीत खोलीची मर्यादा ४,००० आणि तिने ८,००० ची खोली घेतली, बाकी ठिकाणी गर्दी होती म्हणून. तिला वाटलं वरचे चार हजार तेवढे आपण भरू. पण डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटरचा खर्च, सगळंच त्या प्रमाणात कापलं. डिस्चार्जच्या दिवशी काउंटरवर उभी राहून ती रडत होती आणि मी फोनवर कार्ड नंबर सांगत होते. म्हणून खोलीभाड्याला मर्यादा नसलेली पॉलिसी बघायची. ज्येष्ठांच्या पॉलिसीत बऱ्याचदा बिलाचा काही हिस्सा आपणच भरायचा असतो, दर शंभरातले वीस, असा. तो किती आहे ते सही करण्याआधी वाचायचं. घेतल्यावर पटली नाही तर तीस दिवसांत परत करता येते.

सरकारचंही आहे. ७० पूर्ण झाले की उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड निघतं, वर्षाला ५ लाखांपर्यंत. बाबांचं दोन वर्षांनी काढू. आपल्याकडची महात्मा फुले जन आरोग्य योजना आता सगळ्यांसाठी आहे, तीही ५ लाखांची, पण ठरावीक उपचार आणि ठरावीक रुग्णालयं. रेशनकार्ड आणि आधारवरची नावं जुळतात का ते दादाला बघायला सांगते. त्यावर विसंबून आपली पॉलिसी टाळायची मात्र नाही.

आणि ती लाल फाईल. बाबांनी दर मार्चमध्ये टॅक्स वाचवायला घेतलेल्या एलआयसीच्या सात पॉलिस्या. सातांची मिळून रक्कम सव्वाचार लाख. बाबा, ऐन चाळिशीत, आम्ही दोघं शाळेत असताना तुम्हाला काही झालं असतं, तर त्यात आईने किती दिवस काढले असते? झालं नाही, देवाची कृपा. आता त्या मोडू नका, बहुतेक संपतच आल्यात. तुम्हाला नवीन जीवन विम्याची गरजही नाही, मुलं कमावती आहेत. गरज दादाला आहे. फ्लॅटचं कर्ज, दोन लहान मुलं. त्याने साधा टर्म विमा घ्यावा, ज्यात जिवंत राहिलो तर काही परत मिळत नाही तो. तुम्ही त्याला सांगता "पैसे फुकट जातात", ते कृपा करून सांगू नका. आणि पॉलिसी मॅरीड विमेन्स प्रॉपर्टी ॲक्टखाली घेतली तर त्या पैशावर वहिनी आणि मुलांचाच हक्क राहतो, धंद्याचे घेणेकरी हात लावू शकत नाहीत. १८७४ चा कायदा आहे, आणि धंदेवाल्या घरात फार कुणी तो वापरत नाही याचं मला वाईट वाटतं.

दादाच्या पीएफवरचं नामनिर्देशन लग्नाआधीचं आहे, तुझ्या नावाचं, आई. लग्नानंतर ते बाद होतं. नोकरीत असताना पीएफचा सभासद गेला तर त्याच्या घरच्यांना ७ लाखांपर्यंत विमा मिळतो, कामगाराने त्याचा एक पैसा भरलेला नसतो. आमच्या कारखान्यातल्या एका बाईला ते मिळायला चौदा महिने लागले, केवळ नाव बदललेलं नव्हतं म्हणून. दर महिन्याला ती गेटवर यायची, प्लास्टिकच्या पिशवीत कागद घेऊन. दादाला मी वेगळं लिहितेय.

१ नोव्हेंबरला, शनिवारी रात्रीच्या गाडीने निघते. रविवारी सकाळी नाष्टा झाला की बसू. बाबा, हजेरीबुक, पगारपत्रक, कारखान्याचं लायसन्स, पॅन आणि सगळ्यांची आधारकार्डं एकत्र ठेवा, त्यांच्या बायकामुलांचीसुद्धा. मशीनची यादी टर्नरकाकांकडून करून घ्या, कुठल्या साली किती रुपयांना घेतलं त्यासकट. आई, साखरेचे रिपोर्ट जुने-नवे सगळे काढ, आणि लाल फाईल टेबलावर.

त्या मुलाला आणि त्याच्या आईला अकरा वाजता घरी बोलवा. आपल्याकडेच जेवू दे त्यांना.

तुमची,
मनू